घरच्या इस्त्रीवर पीसीबी: पहिला बोर्ड वाया जाऊ नये म्हणून

आधी एक सांगून टाकते, बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. इस्त्रीने केलेले जे पीसीबी (म्हणजे तांब्याच्या रेघांचे सर्किट बोर्ड, ज्यांच्यावर इलेक्ट्रॉनिक पार्ट बसवतात) बिघडतात ते बहुतेक वेळा इस्त्री तापायच्या आधीच बिघडलेले असतात. प्रिंट फिकट, कागद चुकीचा, नाहीतर तांब्यावर बोटांचं तेल. आणि आपण मात्र इस्त्रीला दोष देत अजून जोर लावतो, अजून तापवतो. माझे पहिले तीन बोर्ड असेच गेले, चौथा एकदम झकास आला पण आरशात बघितल्यासारखा उलटा, आणि पाचवा आजही आमच्या टाकीवर पाणी भरलं की बोंबलतो.

उदाहरण म्हणून तोच पाचवा बोर्ड घेऊ. एक ५५५ आयसी (आठ पायांची टायमरची चिप), एक बझर, चार-पाच रेझिस्टर, दोन कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी. पाणी टाकीतल्या दोन तारांपर्यंत आलं की ५५५ च्या चार नंबरच्या पिनला, म्हणजे रिसेटला, पाण्यातून व्होल्टेज मिळतं आणि बझर सुरू. साईझ ५ बाय ४ सेंटीमीटर, सगळे ट्रॅक, म्हणजे पार्ट जोडणाऱ्या तांब्याच्या रेघा, एकाच बाजूला. पहिल्यांदाच करताय तर एवढंच काहीतरी घ्या, वायफायवाले बोर्ड पळून जात नाहीत.

हे चालतं कसं ते दोन वाक्यात. लेझर प्रिंटरची शाई ही शाई नसतेच, ती काळी प्लॅस्टिकची पूड असते, तिलाच टोनर म्हणतात, ती उष्णतेने वितळते आणि ज्याला टेकेल त्याला चिकटते. ती कागदावरून तांब्यावर उतरवायची, मग बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये टाकायचा, जिथे टोनर आहे तिथलं तांबं वाचतं आणि उघडं तांबं विरघळून जातं, झाला पीसीबी.

१) सामान, आणि दुकानात काय मागायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, बाकी गावात जिथून टीव्ही-अँप्लिफायर रिपेअरवाले सामान उचलतात ते दुकान. यादी अशी:

- कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा पातळ थर चिकटवलेली शीट, सिंगल साइडेड (तांबं एकाच बाजूला), १.६ मिमी जाड. दुकानदार विचारेल "ग्लास का हायलम?" हायलम म्हणजे चॉकलेटी रंगाची फिनॉलिक शीट, स्वस्त असते, भोकं लोण्यासारखी पडतात, पण जास्त तापली की फुगते आणि पॅड (पार्टचा पाय सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके) उखडतात. ग्लास म्हणजे ग्लास इपॉक्सी, फिकट हिरवट-पिवळी, इस्त्रीचा मार खाते. पहिल्यांदा ग्लासच घ्या.
- फेरिक क्लोराइड, पावडर किंवा खडे, १०० ग्रॅम भरपूर झालं.
- ग्लॉसी कागद (ह्याच्यावर खाली सविस्तर आहे, लगेच घेऊ नका).
- ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर), हिरवी भांड्यांची घासणी, भांडी घासायचं लिक्विड.
- आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालतो असं सगळे सांगतात पण बऱ्याच रिमूव्हरमध्ये त्वचेसाठी तेल घातलेलं असतं, म्हणजे तुम्ही तेल काढायला जाता आणि तेलच लावून येता.
- काळा परमनंट मार्कर, सीडीवर लिहायचा बारीक टोकाचा.
- आइस्क्रीमचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा, रबरी ग्लोव्हज, चष्मा, जुना टूथब्रश.
- ड्रिल आणि ०.८ व १ मिमीचे बिट.
- इस्त्री. जुनी, जड, वाफेची भोकं नसलेली. स्टीम इस्त्रीच्या भोकांखाली उष्णता पोचत नाही आणि नेमका तिथलाच ट्रॅक कागदावर राहतो. आईची रोजची इस्त्री वापरणार असाल तर आधी पाचवी पायरी वाचा आणि मग आईला विचारा.

२) डिझाइन

कायकॅड वापरा, हा पीसीबीचं डिझाइन करायचा प्रोग्राम आहे, फुकट आहे, सर्नसारख्या मोठ्या संशोधन संस्थेने त्याच्यावर काम केलंय, आणि शिकायला एक शनिवार पुरतो. प्रोग्रामने आपोआप दिलेली ट्रॅकची जाडी तशीच ठेवू नका, ती फॅक्टरीत बनणाऱ्या बोर्डासाठी असते. इस्त्रीसाठी ट्रॅक कमीत कमी ०.५ मिमी, जागा असेल तर ०.८ किंवा १ मिमी करा, आणि दोन ट्रॅकमधलं अंतरही ०.५ च्या खाली नको. आपल्या बोर्डात जागाच जागा आहे, कंजूषपणा कशाला. पॅड २ मिमीचे गोल घ्या, कारण हाताने भोक पाडताना थोडं इकडेतिकडे होणारच आणि छोटा पॅड असला की भोकाबरोबर अख्खा पॅडच जातो.

रिकाम्या जागेत ग्राउंडचं, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेलं, तांबं भरून टाका. म्हणजे विरघळवायला तांबं कमी राहतं, केमिकल वाचतं, वेळ वाचतो. त्याच्या आणि ट्रॅकच्या मधे मात्र ०.८ मिमी तरी सोडा.

आणि तांब्याच्या लेयरवर कुठेतरी एखादं अक्षर टाका, तुमच्या नावाचं पहिलं अक्षर टाका हवं तर, फक्त आरशातही सारखं दिसणारं नको, म्हणजे "ग" चालेल. ह्याचं कारण पुढच्याच पायरीत.

३) प्रिंट: निम्मे बोर्ड इथे मरतात

पहिलं, उलटं का सुलटं. मी इथेच आपटले होते. सगळीकडे लिहिलेलं असतं "मिरर करा", म्हणून मी डोळे झाकून मिररवर टिक केलं. पण कायकॅडमध्ये खालचा कॉपर लेयर, ज्यावर आपले ट्रॅक आहेत, तो आपण वरूनच, बोर्ड काचेचा असल्यासारखा आरपार बघत असतो, म्हणजे तो आधीच उलटा असतो, आणि इस्त्री करताना कागद पालथा पडतो तेव्हा तो आपोआप सुलटा होतो. मिरर करायचं ते वरच्या लेयरला. हे सगळं लक्षात ठेवायची पण गरज नाही, ते अक्षर बघा: कागदावर अक्षर उलटं दिसलं पाहिजे, तांब्यावर सुलटं. बस. कागदावर अक्षर नीट वाचता येत असेल तर थांबा, इस्त्रीचा प्लग काढा.

(माझा उलटा बोर्ड मी फेकला नाही. ५५५ चे आठही पाय पाठीकडे वाकवले आणि तो उताणा पडलेल्या झुरळासारखा बसवला, तसं केलं की पिनांचा क्रम उलटा होतो आणि सर्किटला पत्ता लागत नाही. वाजला पण. दिसायला भयाण होतं.)

दुसरं, साईझ. पीडीएफ प्रिंट करताना "फिट टू पेज" असतं ना, ते काढून १०० टक्के किंवा "अ‍ॅक्च्युअल साईझ" ठेवा. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढताना तर बाजूला उभं राहून बघा, कारण काका सवयीने फिट टू पेज करून मोकळे होतात आणि ९६ टक्क्यांची प्रिंट डोळ्याला बरोबरच दिसते. आधी साध्या कागदावर एक काढा आणि खरा आयसी त्याच्यावर ठेवून बघा, पाय पॅडवर बरोबर बसले पाहिजेत. आठ पायांच्या छोट्या आयसीत फरक कळत नाही म्हणून पट्टीने पण मोजा: आयसीच्या दोन पायांमधलं अंतर २.५४ मिमी असतं, म्हणजे १६ पायांच्या आयसीत एका रांगेतल्या पहिल्या ते आठव्या पॅडपर्यंत १७.७८ मिमी भरलं पाहिजे.

तिसरं, काळेपणा. टोनर सेव्ह बंद, डेन्सिटी फुल, कमीत कमी ६०० डीपीआय. प्रिंट उजेडात धरा, काळ्या पट्ट्यातून उजेडाचे ठिपके आरपार दिसत असतील तर तेच ठिपके उद्या तांब्यात खड्डे होणार आहेत. इंकजेट प्रिंटरची प्रिंट अजिबात चालत नाही, ती खरी शाई असते, इस्त्रीने फक्त कागद तापेल. साध्या इंकजेट प्रिंटची झेरॉक्स काढली तर चालतं, कारण झेरॉक्स मशीनमध्ये टोनरच असतो, पण साईझ पुन्हा तपासा.

चौथं, कागद. तीन पर्याय लोक वापरतात. मासिकांचा गुळगुळीत कागद: फुकट, पाण्यात छान सुटतो, पण पातळ असल्यामुळे प्रिंटरमध्ये अडकतो. स्टिकर काढल्यावर उरतो तो मेणचट पिवळा कागद: टोनर सगळाच्या सगळा उतरतो, भिजवायची पण गरज नाही, पण टोनर त्याला इतका कमी चिकटतो की नुसतं बोट लागलं तरी पुसतो. आणि ग्लॉसी फोटो पेपर, १३० ते १८० जीएसएमचा (हे कागदाच्या जडपणाचं माप), जो मी वापरते. पण फोटो पेपर दोन जातीचे असतात आणि एक जात घातक आहे. एकावर मातीसारखा लेप असतो, तो पाण्यात सुटतो, तो आपला. दुसऱ्यावर प्लॅस्टिकचा थर असतो, तो लेझर प्रिंटरच्या आतल्या गरम रोलरलाच वितळून चिकटू शकतो, आणि ते झेरॉक्सवाल्या काकांच्या मशीनमध्ये झालं तर त्या दुकानाच्या रस्त्याने परत जायचं नाव नको. ओळखायचं कसं? कोपरा फाडून बघा. साध्या कागदासारखा फाटला तर ठीक, फाटताना कडेला प्लॅस्टिकची पापुद्री ताणली गेली तर बाजूला ठेवा. शंका असेल तर कोपऱ्यावर आधी बेकिंग पेपर ठेवून इस्त्री टेकवा, चिकट झाला तर नापास.

प्रिंट झाली की काळ्या भागाला हात लावू नका. घरी आणताना वहीत घालून आणा, खिशात घडी करून नाही.

४) तांबं घासणं

क्लॅड कापून घ्या. हॅकसॉने कापा किंवा धारदार कटरने पट्टी लावून दोन्ही बाजूंनी दहा-बारा वेळा खोल रेघ मारा आणि टेबलाच्या कडेवर कट्कन मोडा. मोडल्यावर कडेला तांब्याची बारीक धार वर येते, ती कानशीने घासून सपाट करा. ही धार नखाला जेमतेम लागते, पण तेवढीच इस्त्रीला उचलून धरते आणि मग कडेचे ट्रॅक उतरत नाहीत. मला हे कळायला दोन बोर्ड लागले.

आता वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासा, नंतर घासणी आणि भांड्यांचं लिक्विड. तांबं गुलाबीसर दिसायला लागलं की नळाखाली धरा. पाणी पूर्ण पृष्ठभागावर एकसारखं पसरलं तर बोर्ड स्वच्छ, थेंब थेंब होऊन फाटलं तर अजून तेल आहे, परत घासा. मग टिश्यूने पुसून अल्कोहोलचा एक हात, आणि इथून पुढे बोर्ड फक्त कडेने धरायचा. घासून ठेवला आणि जेवायला गेलात असं नको, लगेच इस्त्री.

५) इस्त्री

मऊ इस्त्रीच्या टेबलावर करू नका, ते दबतं. प्लायवूडचा तुकडा, त्याच्यावर जुन्या सुती कापडाची एक घडी, एवढंच. इस्त्री कॉटनवर ठेवा, पाच मिनिटं तापू द्या, स्टीमची असेल तर टाकीतलं पाणी आधी काढा.

अ) बोर्डावर साधा कागद ठेवून मिनिटभर इस्त्री ठेवा, म्हणजे तांबं गरम होईल. थंड तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं.
आ) प्रिंट पालथी ठेवा. एकदाच ठेवायची, टेकली की सरकवायची नाही, सरकली की सगळ्या रेघा फासल्या जातात.
इ) वर साधा पातळ कागद ठेवा (इस्त्री स्वच्छ राहते, घरात शांतता राहते) आणि इस्त्री सपाट ठेवून ३० सेकंद शरीराचं वजन टाकून दाबा, हलवू नका.
ई) आता कागद चिकटलाय. इस्त्रीच्या टोकाने आणि कडेने सगळीकडे, विशेषतः चारही कोपऱ्यांवर, तीन-चार मिनिटं फिरवा. ट्रॅकचा उठाव कागदाच्या पाठीवर पुसट दिसायला लागतो, ते दिसलं की समजा झालं.

जोर किती? कमी पडला तर टोनर कागदावरच राहतो, जास्त झाला तर पसरतो आणि शेजारशेजारचे ट्रॅक एकमेकांना भेटतात. पहिल्या वेळी हे जमत नाही, म्हणून क्लॅडच्या एका कतरणीवर एक तुकडा करून बघा. सगळ्या प्रिंटरचा टोनर सारखाच वितळतो असंही नाही, तुमच्या दुकानातल्या मशीनला पाच मिनिटं लागतील, दुसऱ्याला तीन, ते एकदा सापडलं की वहीत लिहून ठेवा.

बोर्ड आता चटका देण्याइतका तापलेला असतो, सांडशीने उचला.

६) कागद सोडवणं

कोमट पाण्यात लिक्विडचा एक थेंब, त्यात बोर्ड १५-२० मिनिटं. कागद फुगतो, वरचा थर अलगद निघतो. ओढून काढायचा मोह होतो, ओढू नका. अंगठ्याने गोल गोल चोळा, शेवया सुटतात तसे कागदाचे लोळ सुटतात. मग परत पाच मिनिटं भिजवा, परत चोळा. शेवटी ट्रॅकच्या मधल्या फटीत पांढरे तंतू राहतात ते टूथब्रशने काढा, कारण तंतू राहिले तर खालचं तांबं विरघळत नाही. टोनरच्या वर पांढरट झाक राहिली तरी चालते.

वाळल्यावर उजेडात तिरका धरून बघा. एखाद-दोन ठिकाणी टोनर तुटला असेल तर मार्करने भरा, दोन हात द्या. दहा ठिकाणी तुटला असेल तर मार्करने चित्रकला करत बसू नका, अ‍ॅसिटोनने सगळा पुसा आणि चौथ्या पायरीला परत जा. काहीच वाया गेलेलं नसतं, फक्त एक प्रिंट.

७) फेरिक क्लोराइड

हे काम स्वयंपाकघरात नको, गॅलरीत करा नाहीतर खिडकी उघडी ठेवून मोरीच्या बाहेर करा, खाली जुने पेपर अंथरून. ग्लोव्हज आणि चष्मा घातल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. लहान मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत.

आइस्क्रीमच्या डब्यात साधारण २५० मिलि पाणी घ्या आणि त्यात १०० ग्रॅम फेरिक क्लोराइड थोडं थोडं टाका. पाण्यात पावडर, पावडरीवर पाणी कधीच नाही, कारण विरघळताना ते तापतं आणि उडतं. वास नाकात जाईल असं डब्यावर वाकू नका. धातूचं काहीही वापरायचं नाही, स्टीलची वाटी नाही, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं तर नाहीच नाही. मी एकदा आधी वापरलेलं द्रावण ढवळायला स्टीलचा चमचा घातला होता, दहा मिनिटांनी बाहेर काढला तेव्हा बुडालेल्या भागावर तांब्यासारखा लालसर लेप होता आणि खाली स्टील खडबडीत झालं होतं, चमचा कुठे गेला हे आईला अजून सांगितलेलं नाही. ढवळायला प्लॅस्टिकची काडी घ्या.

हा डबा गरम पाण्याच्या मोठ्या टबमध्ये ठेवा. ४०-४५ अंशाला काम १५-२० मिनिटांत होतं, थंडीत तसंच ठेवलं तर तासभर बघत बसाल. बोर्ड तांब्याची बाजू वर ठेवून टाका आणि डबा सतत हलका हलका हलवत राहा, सुपात तांदूळ पाखडताना हलवतो तेवढाच. हलवलं नाही की तांब्यावर वापरलेल्या द्रावणाचा थर बसतो आणि काम थांबतं.

आधी तांबं मळकट गुलाबी होतं, मग कडेकडेने शीट दिसायला लागते, मधला भाग शेवटी जातो. दर पाच मिनिटांनी प्लॅस्टिकच्या चिमट्याने उचलून पाण्यात बुडवा आणि मागून मोबाईलचा टॉर्च लावा. ग्लास शीटमधून उजेड आरपार येतो, जिथे तांबं उरलंय तिथे सावली दिसते. शेवटची सावली गेली की ताबडतोब बाहेर. अजून पाच मिनिटं ठेवू, म्हणजे खात्री, असं करू नका, कारण द्रावण टोनरच्या खालून कडेने तांबं खात राहतं आणि ट्रॅक बारीक होत जातात.

उरलेलं द्रावण फेकू नका. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट, वर मोठ्या अक्षरात नाव लिहा (थंड पेयाच्या बाटलीत तर अजिबात नको, रंग बघून कोणी पिईल), आणि पुढचे बरेच बोर्ड करा. गरम असूनही तासाभरात काम होत नसेल तेव्हा ते संपलं.

संपलेलं द्रावण बेसिनमध्ये, गटारात, झाडाच्या मुळाशी, कुठेच नाही. त्यात विरघळलेलं तांबं असतं, ते मासे आणि पाण्यातले जीव मारतं, आणि द्रावण धातूचे पाईप खातं ते वेगळं. मोठ्या बादलीत घेऊन थोडा थोडा धुण्याचा सोडा टाकत जा, खूप फेस येतो म्हणून बादली मोठी. फेस यायचा थांबला आणि पीएच पट्टी ७-८ दाखवायला लागली की रात्रभर ठेवा. खाली तपकिरी-हिरवा गाळ बसतो. वरच्या पाण्यात निळी झाक असेल तर तांबं अजून आहे, अजून सोडा. पाणी स्वच्छ झालं की ते भरपूर पाण्याबरोबर सोडून द्या, गाळ वाळवा, सिमेंटमध्ये कालवून घट्ट होऊ द्या आणि घातक कचरा घेणारं केंद्र जवळ असेल तर तिथे द्या.

फरशीवर सांडलं तर त्याच क्षणी पुसा. आमच्या गॅलरीतला पिवळा डाग तीन वर्षांचा झालाय.

८) भोकं

टोनर अजून पुसू नका, तो तांब्याला काळं पडण्यापासून वाचवतो. पीडीएफ काढताना कायकॅडमध्ये ड्रिल मार्क "स्मॉल" ठेवला असेल तर प्रत्येक पॅडच्या मधोमध तांबं गेलेला छोटा ठिपका असतो आणि बिट त्यात आपोआप बसतो. नसेल तर टोकदार खिळ्याने हलका ठोसा द्या.

आयसी, रेझिस्टर, कपॅसिटरला ०.८ मिमी, १एन४००७ सारखे जाड पायांचे डायोड आणि पिन हेडरला १ मिमी. ड्रिल हातात धरून वापरणार असाल तर साधे एचएसएस (हायस्पीड स्टीलचे) बिट घ्या, ग्लास शीटवर ते लवकर बोथट होतात पण मोडत नाहीत. कार्बाइडचे बिट मस्त चालतात पण हात जरा वाकडा झाला की टक्कन तुकडा, ते स्टँडवरच. तोंडाला मास्क लावा, ती काचेची धूळ आहे, आणि फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

९) तपासणी, राळ, सोल्डरिंग

अ‍ॅसिटोनने टोनर पुसा. मल्टीमीटर बीपवर ठेवून आधी पॉझिटिव्ह आणि ग्राउंडमध्ये बघा, वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक ग्राउंडचं तांबं आणि ट्रॅकच्या मधे केसासारखी रेघ राहिलेली असते, कटरने खरवडा. मग प्रत्येक ट्रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कंटाळा येतो पण दहा मिनिटांचं काम आहे, आणि सगळे पार्ट लावल्यावर तीच चूक शोधायला संध्याकाळ जाते.

उघडं तांबं आठवड्यात काळवंडतं. सोल्डरिंगची राळ असते ना, तिची थोडी पूड आयसोप्रोपाइलमध्ये विरघळवून ब्रशने पातळ हात द्या, वाळू द्या. तांबं झाकलं जातं आणि सोल्डर पण छान धरतं. आधी बुटके पार्ट, म्हणजे रेझिस्टर, मग आयसीचा सॉकेट, मग कपॅसिटर, बझर शेवटी. हातातली ५५५ आधी लावू नका, सॉकेटच्या १ आणि ८ नंबर पिनवर ९ व्होल्ट येतात का ते बघून मग बसवा.

टाकीत सोडायच्या तारा मात्र तांब्याच्या ठेवू नका. पाण्यात डीसी करंट गेला की पॉझिटिव्हकडची तार हिरवी होते आणि झिजत जाते, माझी दोन महिन्यांत तुटली होती आणि टाकी वाहत असताना बोर्ड गप्प बसला होता. स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू घ्या, वायर त्यांना पाण्याच्या वर जोडा.